मुंबई दूरदर्शनला खुले पत्र : आठवणी पुरेत, आता यादी द्या

प्रति,
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी, प्रसार भारती, नवी दिल्ली
मा. केंद्रप्रमुख, मुंबई दूरदर्शन केंद्र, वरळी

स. न. वि. वि.

मी लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल आहे. जुन्या मालिकांविषयी आपल्याकडे येणारी बहुतेक पत्रं कुणाला तरी लहानपण आठवलं म्हणून आलेली असणार. माझं तसं नाही. मुंबई दूरदर्शनच्या पहिल्या दहा-बारा वर्षांतलं मला काहीच आठवत नाही, कारण ते आमच्यापर्यंत आलंच नव्हतं. २ ऑक्टोबर १९७२ रोजी वरळीचं केंद्र सुरू झालं. पुढच्या वर्षी सिंहगडावरच्या सहक्षेपण केंद्रामुळे पुण्याला चित्र दिसू लागलं. आमच्या बाजूला घरांवर अँटेना उभे राहिले ते १९८०च्या दशकाच्या मध्यावर, लघुशक्ती प्रक्षेपक आले तेव्हा, आणि सुरुवातीला त्यांवर दिसायची ती दिल्ली. ‘चिमणराव’, ‘गजरा’, ‘ज्ञानदीप’, ‘प्रतिभा आणि प्रतिमा’ या कार्यक्रमांची नावं आम्ही परळला राहणाऱ्या आत्याकडून ऐकली, नाहीतर दिवाळी अंकांत वाचली.

म्हणून ‘तेव्हा अख्खा महाराष्ट्र एका वेळी एकच कार्यक्रम बघायचा’ असं कुणी लिहिलं की मला त्यांना थांबवावंसं वाटतं. अख्खा नाही. मुंबई, पुणे आणि आसपासची गावं. आम्हा बाकीच्यांच्या वाट्याला ती आठवण उसनी आली, आणि उसन्यावर भागवायची माझी तयारी नाही. मला ते कार्यक्रम बघायचे आहेत. जे उरलेच नसतील, ते उरले नाहीत एवढं तरी आपण अधिकृतपणे सांगावं, यासाठी हे पत्र लिहीत आहे.

आधी आभार मानते. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि २८ मार्चपासून आपण ‘रामायण’ पुन्हा दाखवायला घेतलंत. मागोमाग ‘महाभारत’, ‘चाणक्य’, ‘ब्योमकेश बक्शी’, ‘सर्कस’, ‘शक्तिमान’. १६ एप्रिलचा ‘रामायण’चा भाग ७ कोटी ७० लाख लोकांनी पाहिल्याचं दूरदर्शनने जाहीर केलं. त्याच महिन्यात ‘डीडी रेट्रो’ ही वाहिनी सुरू झाली. नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या इफ्फी चित्रपट महोत्सवात ‘वेव्हज्’ हा आपला ओटीटी मंच आला. सह्याद्रीच्या यूट्यूबवर जुन्या मुलाखती आणि गाणी येतात, ती आमच्या वाचनालयातले निवृत्त शिक्षक फार आवडीने बघतात. हे सगळं मोलाचं आहे. पण या निवडीकडे एकदा बघा. जे सगळ्यांना आधीच आठवतं तेच पुन्हा दाखवलं गेलं, आणि पुन्हा दाखवल्यामुळे तेच आणखी घट्ट आठवणार. ज्याची आठवण पातळ झाली आहे ते कपाटातच राहिलं. स्मरणरंजनाच्या भरवशावर संग्रह सोपवला की असंच होतं. ते आपल्या आवडीचं तेवढं उचलतं आणि बाकीच्याकडे ढुंकून बघत नाही.

जुनी मालिका म्हणजे नेमकं काय जुनं होतं, हे मला मुलांबरोबर बघताना उमगलं. शनिवारी दुपारी वाचनालयात अकरावी-बारावीची मुलं-मुली जमतात. त्यांना मी मधूनमधून जुन्या मालिकांचे मिळतील ते भाग प्रोजेक्टरवर दाखवते. एकदा ‘रजनी’ लावली. बासु चटर्जींची १९८५ची मालिका, मुख्य भूमिकेत प्रिया तेंडुलकर. साधी गृहिणी, पण गॅस सिलिंडरवाल्यापासून टॅक्सीवाल्यापर्यंत कुणाचीही अरेरावी खपवून घेत नाही. टॅक्सीच्या भागावर तर मुंबईतल्या टॅक्सीचालकांनी निषेध केला होता. १९८५ साली ही मालिका अगदी आजची, ताजी, वर्तमानपत्रातून उचललेली वाटत असणार.

मुलांना सुरुवातीला संवादांची फेक खटकली. मग प्रश्न सुरू झाले. गॅससाठी नंबर लावायचा म्हणजे काय? फोन शेजाऱ्यांकडे का करायचा? मी सांगत गेले. जोडणीसाठी वर्षानुवर्षं वाट बघावी लागायची, सिलिंडर संपला की पुन्हा स्टोव्ह पेटवायचा, रॉकेलसाठी रेशनच्या रांगेत उभं राहायचं. अर्धा तास मालिका आणि पाऊण तास गॅस, असं झालं. शेवटी एका मुलीने विचारलं, “मॅडम, तिथे कुणी व्हिडिओ काढत नाहीये, तरी ती एवढं बोलते?” या प्रश्नाचं उत्तर मला लगेच देता आलं नाही. १९८५ मध्ये हा प्रश्न कुणाला पडलाच नसता. चाळीस वर्षांनंतरच्या मुलीने तो विचारला म्हणून ‘रजनी’त एक नवी गोष्ट दिसली : साक्षीदार नसताना, टाळ्या नसताना, एकटीने काउंटरवर उभं राहून बोलणं. ग्राहक संरक्षण कायदा १९८६ साली आला, मालिकेच्या पुढच्याच वर्षी. एकामुळे दुसरं झालं असं मी म्हणत नाही. पण तो कायदा यायच्या आधी माणसाला काउंटरवर उभं राहून काय वाटायचं हे कायद्याच्या पुस्तकात सापडणार नाही. ‘रजनी’त ते आहे.

म्हणजे त्या मालिकेतलं जे जुनाट झालं, तेच तिचं सगळ्यात मोलाचं अंग ठरलं.

‘हम लोग’चं तर याहून वेगळं. ७ जुलै १९८४ ला सुरू झालेली ती मालिका लोकांना शहाणं करण्यासाठी आखली होती. मेक्सिकोत मिगेल साबिदो यांनी मालिकांमधून कुटुंबनियोजनाचा प्रचार केला होता, त्या नमुन्यावर. मनोहर श्याम जोशींनी लिहिली, अशोककुमार शेवटी येऊन चार शब्द सांगत. सुरुवातीच्या भागांत उपदेश फार झाला, लोकांना रुचेना, तेव्हा तो कमी करून कथा वाढवली आणि मग मालिका चालली. त्यातली भागवंती ही सगळं मुकाट्याने सोसणारी आई. तिच्याकडे बघून बायकांनी ‘असं राहायचं नाही’ हे शिकावं, असा हेतू. झालं उलटंच. पुढे अभ्यासकांनी प्रेक्षकांशी बोलून पाहिलं तेव्हा अनेकांनी भागवंतीलाच आदर्श मानल्याचं दिसलं. हा उपदेश आज कुणी ऐकणार नाही, तो शिळा झाला. पण त्या काळच्या घरातल्या माणसांनी पडद्याकडे बघून काय उचललं, हे कळायला ‘हम लोग’इतकं दुसरं साधन नाही. आणि त्याच्या अधेमधे येणाऱ्या जाहिराती! मॅगीने ती मालिका प्रायोजित केली होती. दोन मिनिटांत होणारा पदार्थ भागवंतीच्या स्वयंपाकघराच्या शेजारी आला, तेव्हा काय बदलत होतं हे त्या जाहिरातीशिवाय कसं समजावं? जुने भाग चढवताना जाहिराती काढून टाकतात, निवेदिका काढून टाकतात, कधी श्रेयनामावलीही उडवतात. हे थांबवा, असं मी हात जोडून सांगते.

जे मुद्दाम आधुनिक दिसायला जातं ते सगळ्यात लवकर जुनं होतं, हे ‘इंद्रधनुष’सारख्या मालिकेत दिसतं. १९८९ची ती मुलांची मालिका संगणक आणि कालप्रवासाची होती. तेव्हाचा तो भविष्यकाळ आजच्या मुलांना खेळण्यासारखा वाटतो. याच्या अगदी दुसऱ्या टोकाला ‘चिमणराव’. चिं. वि. जोशींच्या चिमणराव-गुंड्याभाऊंचं पुणं १९३०च्या दशकातलं. मुंबई दूरदर्शनने १९७०च्या दशकाच्या अखेरीस ते पडद्यावर आणलं, दिलीप प्रभावळकर चिमणराव आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊ. म्हणजे नवी असतानाच ती मालिका भूतकाळाची होती. चाळीसेक वर्षांपूर्वीच्या मध्यमवर्गाकडे १९७०च्या दशकातला मध्यमवर्ग मायेने वळून बघत होता. त्यालाही आता जवळजवळ पन्नास वर्षं होत आली. आज ती सलग बघता आली, तर टोपी-उपरण्यातला चिमणराव दिसेल आणि त्याच्याआड टीव्हीसमोर बसलेली ती दुसरी पिढीही : तिला आपल्या आजोबांचा काळ कसा हवा होता, त्यातलं काय ठेवावं आणि काय सोयीस्कर विसरावं असं वाटत होतं. समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याला यापेक्षा चांगला पाठ कोणता देणार? पण ‘चिमणराव’चे मोजकेच भाग आज बघायला मिळतात.

बाकीचे कुठे गेले, याची कल्पना आपल्या जुन्या कर्मचाऱ्यांना आहे. सुरुवातीला कितीतरी कार्यक्रम थेटच व्हायचे, त्यांचं मुद्रण झालंच नाही. ज्यांचं झालं त्यांच्या टेपा महाग, बाहेरून यायच्या, म्हणून पुसून त्यांवर पुन्हा मुद्रण करण्याची रीत होती. यात आपल्या केंद्रावर दोष ठेवायला मी बसलेली नाही. तेव्हाचा तो हिशेब साधाच होता, आणि जगातल्या श्रीमंत संस्थांनीही तोच केला. बीबीसीने ‘डॉक्टर हू’ या मालिकेच्या १९६०च्या दशकातल्या टेपा पुसल्या. नव्वदहून जास्त भाग बेपत्ता झाले. पण पुढे त्यांनी केलेलं काम आपण बघावं. काय आहे आणि काय नाही याची यादी तयार झाली आणि ती सगळ्यांना माहीत झाली. ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने १९९३ पासून हरवलेल्या कार्यक्रमांच्या शोधाचा उपक्रमच चालवला. यादी समोर असल्यामुळे संग्राहक, निवृत्त तंत्रज्ञ, परदेशातली केंद्रं, सगळ्यांना नेमकं काय शोधायचं हे ठाऊक होतं. २०१३ मध्ये नायजेरियातल्या जोस शहरातल्या एका सहक्षेपण केंद्रात ‘डॉक्टर हू’चे हरवलेले ९ भाग सापडल्याची बातमी आली. विकून झालेल्या, परत न पाठवलेल्या प्रती तिथे धूळ खात पडल्या होत्या.

आपल्याकडे अशी यादी जाहीर नाही. काय हरवलं तेच माहीत नसेल तर कुणी काय शोधायचं?

आता ज्या कार्यक्रमासाठी मी मुख्यतः हे पत्र लिहायला बसले, त्याकडे येते. तो करमणुकीचा नाही, आणि तो पुन्हा दाखवा अशी पत्रंही आपल्याला फारशी येत नसतील. ‘आमची माती, आमची माणसं’. शेतीचा कार्यक्रम. त्यात सांगितलेली वाणं आज बाजारात नाहीत, त्यात सांगितलेल्या काही फवारण्या आज कुणी सांगणार नाही. सल्ला म्हणून तो पूर्ण कालबाह्य. पण त्यासाठी कॅमेरे गावोगाव गेले. शेतात उभं राहून शेतकऱ्याशी बोलताना त्याच्या मागे जे काही होतं, ते सगळं फितीवर आलं.

आमच्या जिल्ह्यात आज नजर जाईल तिकडे सोयाबीन आहे. माझ्या लहानपणी ज्वारी होती, करडई होती, तुरीच्या ओळी होत्या, बांधावर जवस. ज्वारीच्या कणसांवर पाखरं राखायला माळा असायचा. धान्य साठवायला अंगणात जमिनीखालचं पेव असायचं, घरात बळद असायची. हे मी मुलांना शब्दांत सांगते आणि ती समजल्यासारखी मान डोलावतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला आणि दगड-मातीच्या जाड भिंतींची, माळवदाची, म्हणजे मातीच्या सपाट छताची घरं त्यात झोपलेल्या माणसांसह खाली आली. नंतर लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यांतल्या ५२ गावांचं दुसरीकडे पुनर्वसन झालं. नवी गावं चौकोनी, सरळ रस्त्यांची. जुन्या गावातल्या बोळा, वेशी, ढाळजेतल्या बैठका, पाराभोवतीची जागा हे सगळं ज्यांनी पाहिलं त्यांच्यापैकी कितीतरी जण त्या पहाटेच गेले. घरोघरच्या फोटोंचे अल्बमही ढिगाऱ्यात गेले. फार थोड्या घरांत कॅमेरा होता, हे वेगळं सांगायला नको.

अशा वेळी १९९३ च्या आधी आमच्या भागात चित्रित झालेला शेतीच्या कार्यक्रमाचा एखादा भाग, बातम्यांसाठी घेतलेला एखादा तुकडा, एखाद्या यात्रेचा माहितीपट आपल्या संग्रहात असेल, तर त्याचं मोल कुठल्याही गाजलेल्या मालिकेपेक्षा मी जास्त मानेन. त्याला प्रेक्षकसंख्या नसेल. तो कुणाच्या ‘गोड आठवणीं’त बसणार नाही. पण एखाद्या म्हातारीला आपलं गाव, आपलं दार, कदाचित दारात उभा असलेला आपला माणूस दिसेल. अशा फिती आहेत की नाहीत हे विचारायची आज सोय नाही, कारण कोणत्या गावात, कोणत्या साली, काय चित्रित झालं, याची नोंद लोकांसमोर नाही.

जे आहे ते दाखवताना काय करू नये, हेही सांगते. जुनं चित्र चारास तीन प्रमाणातलं. आजच्या रुंद पडद्यावर ते बसवण्यासाठी ताणलं की माणसं बुटकी आणि रुंद होतात. कापलं की वरचं डोकं आणि खालचे हात जातात. कडेला काळे पट्टे राहू द्या, प्रेक्षकांना चालतात. अमेरिकेत ‘साइनफेल्ड’ ही विनोदी मालिका रुंद पडद्यासाठी कापली, तेव्हा रस्त्यातल्या खड्ड्यावर बेतलेल्या भागातला तो खड्डाच एका दृश्यात चौकटीबाहेर गेला. ‘द सिम्प्सन्स’ ही व्यंगचित्र मालिका २०१९ मध्ये डिस्नेच्या मंचावर अशीच कापून आली. चित्रातले विनोद कापले गेले, लोकांनी तक्रारी केल्या आणि पुढच्या वर्षी मूळ चौकट परत दिली. आपल्या जुन्या चित्रात दिसणाऱ्या रेषाच मुळी ५७६. त्यात नसलेला तपशील संगणकाकडून भरून घेतला की चेहऱ्यावरच्या सुरकुत्या जातात, कातडी मेणासारखी गुळगुळीत होते, लुगड्याचं पोत पुसलं जातं. अशी चकचकीत प्रत लोकांना बघायला द्यायची असेल तर द्या, पण मूळ प्रत जशीच्या तशी शेजारी ठेवा.

दुसरी काळजी कापाकापीची. त्या काळच्या विनोदात आज टोचेल असं पुष्कळ आहे. बायकोच्या लठ्ठपणावर विनोद, रंगावर विनोद, बायकी चालीच्या पुरुषावर विनोद. घरगडी म्हटला की तो हमखास खेड्यातली बोली बोलणार आणि त्या बोलीवर हशा पिकणार. ती बोली माझ्या आजीची आहे. तरीही मी म्हणते, कापू नका. आमच्या बोलीला कोण, केव्हा, कशावर हसलं हे मला बघायचं आहे, माझ्या विद्यार्थ्यांना दाखवायचं आहे. ते कापून टाकलं तर तो काळ होता त्यापेक्षा भला दिसेल, आणि ज्यांच्यावर हसलं गेलं त्यांच्याकडे पुरावाही उरणार नाही. जून २०२० मध्ये ब्रिटनमध्ये ‘फॉल्टी टॉवर्स’ या जुन्या विनोदी मालिकेचा एक भाग वांशिक शेऱ्यांमुळे एका मंचावरून काढला होता, काही दिवसांतच तो सूचनेसह परत ठेवला. सुरुवातीला दोन ओळींची सूचना पुरते. बाकीचं प्रेक्षकांवर सोडावं, ते समजदार आहेत.

हक्कांची अडचण मला माहीत आहे. प्रायोजित मालिकांचे हक्क अनेकदा निर्मात्यांकडे, गाण्यांचे दुसऱ्याकडे, निर्माते हयात नसतील तर वारसांकडे. तो गुंता सुटायला वेळ लागेल. पण ‘गजरा’, ‘ज्ञानदीप’, ‘आमची माती, आमची माणसं’ या केंद्राच्या स्वतःच्या निर्मिती. आणि यादी जाहीर करायला कुणाच्याही हक्काची आडकाठी नाही. वाचनालयात एखादा ग्रंथ बाहेर देता येत नसला तरी तो आहे एवढं तालिकेत लिहिलेलं असतंच.

घाई कशाची, असं विचारलं जाईल. घाई टेपांची आहे. दोन इंची टेप, यू-मॅटिक, बीटाकॅम, या सगळ्या प्रकारच्या टेपांवर चुंबकीय कणांना धरून ठेवणारा एक थर असतो. दमट हवेत तो पाणी शोषतो, चिकट होतो, आणि टेप यंत्रात घातली की थर सुटून येतो. अशी टेप मंद आचेवर काही तास शेकावी लागते, मग ती चालण्याजोगी होते, तीही थोड्या काळापुरती. वरळी तर समुद्राला लागून. टेप धड असली तरी ती वाचणारी यंत्रं आता कुणी बनवत नाही, सुटे भाग मिळत नाहीत, आणि ती यंत्रं दुरुस्त करणारे कारागीर वयस्क झाले. जगभरातले दृक्‌श्राव्य संग्राहक २०२५ हे साल धोक्याची रेषा म्हणून कितीतरी वर्षं सांगत होते. ती रेषा आता आपल्या मागे पडली.

तितकीच घाई माणसांची. १९७२ साली पंचविशीत असलेले तंत्रज्ञ, कॅमेरामन, नेपथ्यकार, निर्माते आज ऐंशीच्या आसपास आहेत. पडद्यावरचे चेहरे एकेक करून गेले. स्मिता पाटील, भक्ती बर्वे, प्रदीप भिडे, या तिघांच्या आवाजात मुंबईने मराठी बातम्या ऐकल्या. तिघेही आज नाहीत. फितीवर नाव नसेल, डब्यावरची चिठ्ठी फाटली असेल, तर हे कोण, हे कुठलं साल, हे सांगू शकणारी माणसं अजून काही आहेत. त्यांना बोलवा, त्यांच्यासमोर फिती लावा आणि ते जे सांगतील ते लिहून घ्या. यासाठी मोठी योजना लागत नाही. एक खोली, एक चालू यंत्र आणि लिहून घेणारा माणूस लागतो.

यादीत काय असावं हे ग्रंथपाल म्हणून सुचवते. कार्यक्रमाचं नाव, प्रसारणाची तारीख, लेखक, निर्माता, दिग्दर्शक, कलाकार, कॅमेरामन, चित्रीकरणाचं गाव, टेपेचा प्रकार, तिची आजची अवस्था. फीत नसेल पण संहिता, छायाचित्र किंवा क्यू शीट (कार्यक्रमाच्या क्रमाचा तक्ता) असेल तर तसं लिहावं. काहीच नसेल तिथे ‘उपलब्ध नाही’ असं स्पष्ट लिहावं. त्यात लाज वाटण्याजोगं काही नाही, कारण त्या दोन शब्दांवरूनच शोध सुरू होईल. १९८२ नंतर घरोघरी नसले तरी पुष्कळ घरांत व्हीसीआर आले होते. लोकांनी सणासुदीचे कार्यक्रम, नातेवाईक दिसले ते भाग, आवडत्या मालिका टेप करून ठेवल्या. परदेशी गेलेल्या मुला-बहिणींना कॅसेटी पाठवल्या. दादरच्या पोटमाळ्यावर, सांगलीच्या कपाटात, न्यू जर्सीच्या तळघरात त्यातल्या काही अजून असतील. मालकांना त्या कचऱ्यात टाकण्याआधी कळायला हवं की आपल्याकडच्या कॅसेटीवर केंद्राकडे नसलेला भाग आहे.

या कामात आम्ही मदत करू शकतो, आणि ही केवळ सदिच्छा नाही. महाराष्ट्रात शासनमान्य सार्वजनिक वाचनालयं दहा हजारांहून अधिक आहेत. बहुतेक तालुक्यांत नोंदी ठेवायची सवय असलेला एक तरी माणूस त्यात बसलेला आहे. एकेकाळी ‘ज्ञानदीप’ बघून गावोगाव ज्ञानदीप मंडळं उभी राहिली होती. तेव्हा प्रेक्षकांनी केंद्रासाठी आपणहून काम केलं होतं. आजही करतील. केंद्राने यादी आणि एक साधा नमुना-अर्ज द्यावा. आमच्या तालुक्यातल्या कॅसेटी, संहिता, जुनी छायाचित्रं गोळा करून, कुणाकडून काय मिळालं याची पावती देऊन, ती वरळीला पोहोचवायची जबाबदारी आमचं वाचनालय घेईल. शेजारच्या तालुक्यांतल्या ग्रंथपालांशीही मी बोलले आहे, त्यांची तयारी आहे.

सगळी यादी एकदम येणार नाही, हे मी समजते. पहिल्या टप्प्यात १९७२ ते १९८२ एवढीच दहा वर्षं घ्या, कारण नाहीसं होण्याचा धोका त्यांना सगळ्यात जास्त आहे. आणि त्याच्याबरोबर, किल्लारी परिसरात १९९३ च्या आधी चित्रित झालेलं जे काही असेल, त्याची निराळी नोंद मिळावी ही लातूरकर म्हणून माझी विनंती. त्या गावांची जुनी नावं आणि पुनर्वसनानंतरची ठिकाणं हवी असल्यास मी कळवते, म्हणजे डब्यांवरच्या चिठ्ठ्यांशी ती ताडून बघता येतील.

आपल्या उत्तराची वाट पाहत आहे.

आपली विश्वासू,
एक ग्रंथपाल
लातूर जिल्हा